जुना डबा भंगारात देऊ नका

पत्र:

नमस्कार. मी मिरजेची, निवृत्त प्राथमिक शिक्षिका. दिवाळीत मुलानं नवा लॅपटॉप घेऊन दिला. दुकानदार म्हणाला, “काकू, सगळं टाकून दिलंय, फक्त चालू करा.” चालू केला, पण जीव मेटाकुटीला आलाय. माझ्या आईच्या जात्यावरच्या ओव्या मी २००६ साली इथल्या एका डीटीपीवाल्याकडून टाइप करून घेतल्या होत्या. २१० पानं आहेत. जुन्या कॉम्प्युटरवर, म्हणजे विंडोज सेव्हनवर, त्या नीट दिसतात. नव्यावर उघडल्या की इंग्रजी अक्षरांची नुसती भेळ. दुकानदार म्हणतो, मराठीचं सॉफ्टवेअर घ्या, साडेचार हजार. शिवाय उजव्या कोपऱ्यात रोज लाल पाटी येते, “तुमच्या कॉम्प्युटरमध्ये ५ व्हायरस.” डेस्कटॉपवर ठेवलेलं सगळं कुठल्याशा ढगात जातं आणि जागा संपली म्हणून निरोप येत राहतात. मुलगा बंगळूरला असतो, फोनवर चिडतो. जुना कॉम्प्युटर न्यायला रविवारी भंगारवाला येणार आहे. तर कुठलं सॉफ्टवेअर घेऊ? सोबत पहिल्या पानाचा फोटो जोडलाय.

– एक वाचक, मिरज

उत्तर:

ताई, सॉफ्टवेअरचं मागाहून बघू. आधी भंगारवाल्याला फोन करा आणि येऊ नको म्हणून सांगा. तुमच्या ओव्या वाचायची किल्ली त्या जुन्या डब्यात आहे. तो गेला तर काम अडेल असं नाही, पण दहापट वाढेल.

तुमचा फोटो मोठा करून पाहिला. पहिल्या ओळीत एके ठिकाणी लागोपाठ पाच इंग्रजी अक्षरं आहेत: ई, के, जी, एस, जे. तुम्हाला ती भेळ दिसली, मला ‘माहेर’ दिसलं. ई म्हणजे म, के म्हणजे काना, जी म्हणजे ह, एस म्हणजे मात्रा, जे म्हणजे र. हा कृतिदेव फॉन्ट. मी डीटीपीच्या दुकानात सोळा वर्षं काढली आहेत, त्यामुळे ही लिपी मला मोडीसारखी वाचता येते. फार उपयोगाची विद्या नाही, पण आज कामाला आली.

झालं काय, ते सांगतो. तुमच्या त्या फाइलमध्ये मराठीचं एकही अक्षर नाही, आणि २००६ मध्येही नव्हतं. फाइलमध्ये इंग्रजी अक्षरंच साठवलेली आहेत. कृतिदेव हा फॉन्ट त्यांना मराठीचे मुखवटे चढवतो. ई आली की म चं चित्र काढायचं, जे आलं की र चं. जुन्या कॉम्प्युटरवर तो फॉन्ट आहे म्हणून मुखवटे आहेत. नव्यावर फॉन्ट नाही, तर आतली मंडळी उघडी पडली. लॅपटॉप बिघडलेला नाही, फाइल खराब झालेली नाही, आणि तुमचंही काही चुकलेलं नाही.

तुम्ही विचाराल, तेव्हा खरं मराठी नव्हतं का? होतं. युनिकोड म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला कॉम्प्युटरवर स्वतःचा क्रमांक देणारी पद्धत. तिची पहिली आवृत्ती १९९१ ची, आणि त्यात देवनागरी होती. विंडोज २००० मध्ये मंगल फॉन्टसकट ती कॉम्प्युटरवरही आली. पण आम्ही डीटीपीवाले तिकडे फिरकलो नाही, कारण आमचं सगळं चालायचं पेजमेकर या पानं लावायच्या सॉफ्टवेअरवर आणि पेजमेकरला युनिकोडची देवनागरी समजत नसे. म्हणून कोणी कृतिदेव, कोणी श्रीलिपी, कोणी आकृती, कोणी पुण्याच्या सी-डॅकचं आयएसएम, आणि प्रत्येकाचा मुखवट्यांचा हिशोब वेगळा. एकाच्या फॉन्टमधला म दुसऱ्याकडे भलताच निघायचा. एकदा आमच्याच दुकानात मशीन फॉरमॅट करताना फॉन्टचा फोल्डर गेला आणि एका स्मरणिकेची साठ पानं रात्रभर बसून पुन्हा टाइप केली. तेव्हापासून कुणी ‘जुना कॉम्प्युटर भंगारात’ म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो.

आता कामाला लागू. जुना कॉम्प्युटर चालू करा, पण त्याला इंटरनेट जोडू नका. विंडोज सेव्हनची सुरक्षा मायक्रोसॉफ्टनं जानेवारी २०२० मध्येच थांबवली आहे. ओव्यांची फाइल उघडा, एखाद्या ओळीवर क्लिक करा आणि वरच्या फॉन्टच्या चौकटीत काय नाव येतं ते कागदावर लिहून घ्या, पुढच्या आकड्यासकट. मग सी ड्राइव्ह, त्यात विंडोज, त्यात फॉन्ट्स असं जाऊन त्या नावाचा फॉन्ट पेनड्राइव्हवर कॉपी करा. ओव्यांची फाइलही घ्या. मात्र कट करून नेऊ नका, कॉपीच करा. मूळ प्रत जागची हलता कामा नये.

तिथेच बसल्या बसल्या आणखी एक करून ठेवा. जुन्या मशीनवर वर्ड २०१० असेल तर ‘सेव्ह ॲज’मध्ये पीडीएफ हा प्रकार मिळतो. ओव्यांची पीडीएफ करा. पीडीएफ आपला फॉन्ट पोटात घेऊन फिरते, त्यामुळे ती नव्या लॅपटॉपवर आणि मुलाच्या फोनवरही जशीच्या तशी दिसायला हवी. एकदा उघडून खात्री करा. वर्ड त्याहून जुनं असेल आणि पीडीएफ होत नसेल, तर सरळ प्रिंट काढा. २१० पानांचा कागद साडेचार हजारांपेक्षा स्वस्त पडेल. ही प्रत पुढे तपासणीला लागणार आहे.

नव्या लॅपटॉपवर पेनड्राइव्ह लावलात की आधी त्यावर राइट क्लिक करून डिफेंडरनं, म्हणजे विंडोजच्याच अँटीव्हायरसनं, स्कॅन करून घ्या. मग फॉन्टच्या फाइलवर राइट क्लिक, इन्स्टॉल. ओव्यांची फाइल उघडा. माहेर परत आलेलं दिसेल.

पण तिथे थांबू नका, आणि त्या फाइलमध्ये काही दुरुस्त करायला तर मुळीच जाऊ नका. वर्डला एक खोड आहे. वाक्याचं पहिलं अक्षर छोटं दिसलं की तो ते आपोआप मोठं करतो. इंग्रजीत हे ठीक. कृतिदेवमध्ये छोटा डी म्हणजे पूर्ण क आणि मोठा डी म्हणजे अर्धा क्. तुम्ही ‘कमळ’ लिहायला जाल आणि वर्ड त्याचं ‘क्मळ’ करून ठेवेल. श आणि ष तर अवतरणचिन्हांवर बसवलेले आहेत, आणि सरळ अवतरणचिन्हं वाकडी करायची वर्डला भारी हौस. म्हणून मूळ फाइलवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये ‘रीड-ओन्ली’ला टिक करा आणि तिला हात लावू नका.

खरं काम म्हणजे ओव्या युनिकोडमध्ये आणणं. म्हणजे मुखवटे काढून खरी अक्षरं बसवणं. एकदा तसं झालं की त्या फोनवर पाठवता येतील, त्यांतला एखादा शब्द शोधता येईल आणि कुठल्याही कॉम्प्युटरवर दिसतील. ‘कृतिदेव ते युनिकोड’ असं शोधलंत तर फुकट बदलून देणारी बरीच पानं, म्हणजे कन्व्हर्टर, सापडतील. डाव्या चौकटीत जुना मजकूर चिकटवायचा, बटण दाबायचं, उजवीकडे मराठी. एका वेळी चार-पाच पानंच घ्या. कुठलंही पान ‘आधी हे डाउनलोड करा’ म्हणालं तर ते बंद करून दुसरं घ्या. पैसे मागितले तरी तेच.

बदललेला मजकूर मात्र डोळ्यांखालून घालावा लागेल. इथे तुमची शिक्षकी कामाला येईल. पहिली वेलांटी बघा. टाइपरायटरवर ती अक्षराच्या आधी मारत, कृतिदेवमध्येही तसंच. ‘दिवा’ साठवला आहे तो ‘वेलांटी, द, व, काना’ असा. युनिकोडमध्ये द आधी, वेलांटी नंतर. कन्व्हर्टर ही अदलाबदल करतो, पण जोडाक्षर आलं की गडबडतो आणि वेलांटी शेजाऱ्याच्या डोक्यावर जाऊन बसते. रफार याच्या उलट. ‘सूर्य’मधला रफार जुन्या फाइलमध्ये य च्या नंतर आहे, नव्यात तो य च्या आधी यायला हवा. आणि बहुतेक कन्व्हर्टर हिंदीवाल्यांनी हिंदीसाठी केलेले, त्यामुळे ‘वाऱ्यावर’, ‘दऱ्या’ यांतला तो कोयतीसारखा र आणि आपला ळ यांच्यावर जास्त नजर ठेवा. शेजारी पीडीएफ उघडी ठेवून दिवसाला दहा पानं तपासलीत तर तीन आठवड्यांत ओव्या पुऱ्या होतील. घाई करू नका, ओव्यांमध्ये बोलीतले शब्द असतात आणि ते बरोबर की चूक हे तुमच्याशिवाय कुणाला कळणार नाही.

आता साडेचार हजारांचं सॉफ्टवेअर. नको. मराठी टाइप करायची सोय विंडोजमध्येच आहे. सेटिंग्जमध्ये ‘टाइम अँड लँग्वेज’, त्यात ‘लँग्वेज अँड रीजन’, तिथे मराठी भाषा जोडा. मग मराठीसमोरच्या तीन टिंबांवर क्लिक करून ‘लँग्वेज ऑप्शन्स’मध्ये जा आणि कीबोर्ड म्हणून ‘मराठी फोनेटिक’ जोडा. हा कीबोर्ड २०१९ पासून विंडोजमध्ये आहे, पण दुकानात कोणी सांगत नाही, कारण तो विकता येत नाही. फोनवर तुम्ही इंग्रजी अक्षरांत लिहून मराठी उमटवता ना, हुबेहूब तसंच. मराठीतून इंग्रजीत जायचं तर विंडोजचं बटण दाबून धरायचं आणि स्पेसबार मारायचा. त्याच यादीत इन्स्क्रिप्ट कीबोर्डही असतो, डाव्या हाताला स्वर आणि उजव्या हाताला व्यंजनं. शिकायला पंधरा दिवस लागतात आणि मग तो फोनेटिकपेक्षा वेगानं चालतो. पण तुम्हाला मुख्यतः दुरुस्त्याच करायच्या आहेत, त्यामुळे मी आत्ता तरी तो सुचवणार नाही.

लिहायला वर्ड की दुसरं काही, हे बिल पाहून ठरवा. बऱ्याच लॅपटॉपसोबत वर्ड असलेलं ऑफिस येतं, आणि ते पहिल्यांदा उघडताना आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यानं चालू करायचं असतं. बिलावर किंवा खोक्यावर ऑफिसचा उल्लेख असेल तर तेच वापरा. नसेल आणि तरीही वर्ड चालतंय, तर ते चोरीचं आहे असं धरून चाला. ‘सगळं टाकून दिलंय’ या वाक्याला मी म्हणूनच बिचकतो. असं वर्ड चालू ठेवायला दुकानदार बहुधा डिफेंडरला ‘इथे बघू नकोस’ असं सांगून ठेवतो. ते शोधायला विंडोज सिक्युरिटी उघडा, ‘व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन’, त्यात ‘मॅनेज सेटिंग्ज’, आणि अगदी तळाशी ‘एक्स्क्लूजन्स’. ती यादी रिकामी असायला हवी. तिथे एखादा फोल्डर, किंवा कहर म्हणजे अख्खा सी ड्राइव्ह दिसला, तर रखवालदाराला पगार देऊन मागचं दार उघडं ठेवल्यासारखं आहे.

ऑफिस बिलावर नसेल तर लिब्रेऑफिस घ्या. फुकट आहे, चोरीचं नाही, आणि २०१० पासून चालू आहे. त्याच्याच अधिकृत साइटवरून उतरवा. एक अडचण मात्र पहिल्याच दिवशी येईल, म्हणून आत्ताच सांगतो. अक्षर मोठं करायला जाल आणि मराठी ढिम्म हलणार नाही. कारण त्याच्या हिशेबी इंग्रजीचा फॉन्ट वेगळा आणि देवनागरीचा वेगळा. टूल्स, ऑप्शन्स, तिथे भाषांच्या भागात ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट’ला टिक करून भाषा मराठी निवडा. वर्डमध्येही हाच प्रकार आहे. कंट्रोल आणि डी दाबलंत की फॉन्टची खिडकी येते, तिथे ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स’ नावाची वेगळी चौकट असते. मराठीचा फॉन्ट आणि आकार तिथे बदलायचा.

फॉन्टसाठी पैसे घालवू नका. गूगल फॉन्ट्सवर ‘तिरो देवनागरी मराठी’ नावाचा फुकट फॉन्ट आहे. त्याची हिंदी आणि संस्कृत भावंडंही तिथेच आहेत, पण तुम्ही मराठीच उचला. त्यात पाकळीचा ल आणि देठाचा श मिळतो. मुलांना आयुष्यभर फळ्यावर तो ल गिरवून दाखवलात, तर आईच्या पुस्तकात हिंदी वळणाचा ल कशाला? ओव्यांच्या छापील पानाला तो शोभूनही दिसेल.

ढगाचं प्रकरण मला लाल पाटीपेक्षा गंभीर वाटतं. तो ढग म्हणजे वनड्राइव्ह. तो डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि फोटो आपल्याकडे ओढतो, आणि फुकट जागा देतो फक्त ५ जीबी. घरातले लग्नाचे फोटो टाकले की ती भरते आणि निरोप सुरू होतात. पण माझा प्रश्न वेगळा आहे. हा ढग कोणाचा? सेटिंग्ज उघडा, ‘अकाउंट्स’, ‘युअर इन्फो’. तिथे जो ईमेल आहे तो तुमचा आहे का? लॅपटॉप लावून देताना दुकानदार घाईत स्वतःचाच ईमेल टाकतात, हे मी इतक्यांदा पाहिलंय की आता मोजणं सोडलं. तसं असेल तर तुमचे फोटो त्यांच्या खात्यात चढताहेत. एवढंच नाही. विंडोज ११ पुष्कळ लॅपटॉपवर डिस्क आपोआप कुलूपबंद करतं, आणि त्या कुलपाचा ४८ आकडी क्रमांक खातं ज्याचं त्याच्याकडे जमा होतो. उद्या लॅपटॉपनं तो मागितला तर तुम्हाला त्यांच्या दारात जावं लागेल.

ईमेल तुमचा असेल तर उत्तम. खाली घड्याळाजवळच्या ढगाच्या चिन्हावर क्लिक करा, सेटिंग्ज, ‘सिंक अँड बॅकअप’, ‘मॅनेज बॅकअप’, आणि तिन्ही फोल्डर बंद करा. त्याआधी एक पाहा. ज्या फाइलच्या शेजारी छोटासा ढग आहे ती फाइल लॅपटॉपवर नाही, फक्त तिचं नाव आहे. फोल्डरवर राइट क्लिक करून ‘ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस’ करा, सगळीकडे हिरवी टिक येऊ द्या, मगच बंद करा. बंद केल्यावर डेस्कटॉप एकदम रिकामा दिसू शकतो. घाबरू नका आणि मुलाला फोन करू नका. फाइली वनड्राइव्हच्या फोल्डरमधल्या डेस्कटॉपमध्ये असतात, तिथून उचलून परत आणा.

ईमेल दुकानदाराचा निघाला, किंवा मघाच्या ‘एक्स्क्लूजन्स’च्या यादीत फोल्डर सापडले, तर डागडुजी करत बसू नका. लॅपटॉप नवा आहे, त्यात अजून तुमचं फारसं काही नाही. फोटो आणि ओव्या पेनड्राइव्हवर घ्या, सेटिंग्जमधल्या ‘सिस्टीम’, ‘रिकव्हरी’मध्ये जाऊन ‘रीसेट’ करा, ‘रिमूव्ह एव्हरीथिंग’ निवडा आणि या वेळी स्वतःच्या ईमेलनं सुरू करा. मुलगा पुन्हा येईल तेव्हा त्याच्याकडून करून घ्या, चिडायचं ते समोर बसून चिडू दे.

लाल पाटीचं थोडक्यात. पाटी येते तेव्हा तिच्यावर बारीक अक्षरात कोणाचं नाव आहे ते वाचा. क्रोम किंवा एज असं ब्राउझरचं नाव आणि खाली कुठल्यातरी साइटचा पत्ता असेल, तर तो व्हायरस नाही, जाहिरात आहे. कधीतरी एखाद्या साइटनं ‘अलाऊ’ विचारलं आणि तुम्ही हो म्हणालात, एवढंच. ब्राउझरच्या सेटिंग्जमध्ये ‘नोटिफिकेशन्स’ शोधा आणि त्या साइटला तिथून काढून टाका. पाटीवर फोन नंबर दिला असेल तर तो चुकूनही लावू नका. लावून झाला असेल आणि पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवा. पाटीवर एखाद्या अँटीव्हायरसचं नाव असेल, तर ती लॅपटॉपसोबत आलेली महिनाभराची चव आहे आणि आता पैसे मागते आहे. ‘इन्स्टॉल्ड ॲप्स’मधून काढा, लॅपटॉप बंद करून चालू करा, विंडोजचा डिफेंडर आपोआप जागा होतो. तुमच्या कामाला तेवढा पुरे.

म्हणजे विकत घ्यायचं काहीच नाही. फार तर एक पेनड्राइव्ह.

आणि एक राहिलं. तुमच्या फोटोतली पहिली पाच ओळींची ओवी मी हातानं उलगडली. माहेर, दिवा, उंबरा, सगळं लागलं. चौथ्या ओळीत फोटो हललाय, त्यामुळे एक शब्द ‘कणगी’ आहे की ‘कणकी’ ते काही केल्या ठरत नाही. जुन्या मशीनवर उघडलंत की बघून कळवाल का?